आणखी एक चढाई

मूलच्या बाजारात धनराजचं आडनाव कोणाला ठाऊक नाही, पण ‘खेळबातमीवाला धनराज’ म्हटलं की कोणीही घर दाखवतो. आधी तो घरोघरी केबल जोडायचा आणि चित्र हललं की बायकांची बोलणी खायचा. पण गडी मोठा खेळवेडा. परदेशातल्या क्रिकेटचं सगळं दिसतं, मग आपल्या मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतली कबड्डी कोण दाखवणार? म्हणून त्याने जुना कॅमेरा घेतला आणि आपल्याच केबलवर संध्याकाळची खेळबातमी सुरू केली. राइस मिलमधले हमाल ती बघायला टपरीवर गर्दी करू लागले.

चॅनल खरं नावारूपाला आलं ते एका चढाईमुळे. मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावची दीपिका मंडईत खेळायला आली होती. शेवटच्या चढाईत तिने तिघींना बाद केलं, सामना जिंकला, आणि नेमका त्याच वेळी धनराज कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होता! दुसरा कोणी कपाळाला हात लावून घरी गेला असता. हा गोड बोलून दोन्ही संघांना तीच चढाई कॅमेऱ्यासमोर पुन्हा खेळायला परत मैदानात घेऊन आला. पोरी हसत हसत उभ्या राहिल्या. पण एकदा पाय धरला की हळू कोण खेळतं? दीपिकाने रेषेला हात लावला आणि तिचा गुडघा फिरला.

सामना संपल्यावर कॅमेऱ्यासाठी खेळलो हे सांगायची तिला लाज वाटली. सामन्यातच लागलं, असं तिने सगळ्यांना सांगितलं. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. ती हुकली, आणि पुढे खेळही सुटला. धनराज दवाखान्यात केळी घेऊन गेला. तिने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

लागलं खरं, पण तीच चढाई त्याने बातम्यांच्या सुरुवातीला लावली. रेषेला हात टेकला की चित्र कापलेलं. लोकांना ती फार आवडली. चॅनल चिमूरला गेलं, ट्रॅक्टरच्या जाहिराती आल्या, वार्ताहर आले. नवं गाव जोडलं की बाकीचे पेढे वाटायचे आणि धनराज मनात दीपिकाचं मुलचेरा अजून किती लांब राहिलं ते पाहायचा. तिथला केबलवाला जंगू चॅनल आमच्याकडेही द्या म्हणून मागे लागला, तेव्हा याने नाना सबबी सांगितल्या. शेवटी सबबीही संपल्या.

मुलचेऱ्यात चॅनलच्या उद्घाटनाला जंगूने दीपिकाचाच सत्कार ठेवला होता. ती जराशी लंगडत आली, सोबत आई सोमारी. आज सगळ्यांसमोर खरं बोलायचं, असं धनराज ठरवून आला होता. न कापलेलं चित्र पेनड्राइव्हवर खिशात होतं. पण माईक हातात आला आणि तोंडातून निघालं, “आमच्या चॅनलची शान!” टाळ्या पडल्या. त्याला स्वतःचीच किळस आली.

कार्यक्रम उरकल्यावर दीपिकाने त्याला बाजूला घेतलं.

“भाऊ, त्या चढाईचं पूर्ण चित्र ठेवलं का तुम्ही? माय अजून दिव्यानीले शिव्या देते. म्हणते, तिनं जाणून पाय मोडला. मी खरं सांगतलं तं ऐकतच नाई. म्हणते, तू तिले वाचवून राह्यली. मायले दाखवा.”

दिव्यानी म्हणजे पाय धरणारी मुलगी. पुसून टाकलं, असं धनराजला सांगता आलं असतं. पण दीपिका त्याच्याकडे बघत उभी होती. तो त्यांना घेऊन जंगूच्या खोलीत गेला, सोमारीला खुर्ची दिली आणि पेनड्राइव्ह लावला.

मैदान दिसलं, हसणाऱ्या पोरी दिसल्या. मग कॅमेऱ्यामागचा आवाज आला, “दिव्यानी, पाय घट्ट धरजो बरं, खोटं नाई वाटलं पायजे.” चढाई झाली. दीपिका किंचाळली. आणि त्या किंकाळीवरच तोच आवाज, आनंदाने फुललेला, “आलं, आलं! मस्त आलं!”

चित्र थांबलं. सोमारीने टीव्हीवरची नजर काढून धनराजकडे पाहिलं. आवाज कोणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही.

“भाऊ,” ती शांतपणे म्हणाली, “आणखी एकदा लावा.”

धनराजने लावलं.