रायपूरच्या वरून परत

नागपूरहून रायपूर विमानाने तासाभराच्या आत येते, हे मीच मावशीला सांगितले होते. मावशी काटोलची. त्या वर्षी तिच्या बागेतल्या संत्र्यांना भाव चांगला आला होता, आणि लेकीसाठी, कुसुमसाठी, रायपूरचे स्थळ जवळजवळ ठरले होते. तिकडे जाऊन सुपारी फोडली की सोयरीक पक्की. पण दुसऱ्याच दिवशी अमावास्या आणि मग पौष लागत होता, म्हणजे महिनाभर शुभकार्य नाही.

"मंग विमानानंच जाऊ," मावशी म्हणाली. "सोयऱ्याले बी दिसू दे."

नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर पंख्यांचे लहानसे विमान उभे होते. मावशीने पायरीला हात लावून नमस्कार केला आणि नारळ-सुपारीची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. हवाईसुंदरीने गोळ्यांचे तबक पुढे केले, तर मावशीने तिच्याच हातावर चिवडा ठेवला.

रायपूरवर दाट धुके होते. विमानाने बऱ्याच घिरट्या घातल्या आणि ते सरळ परत फिरले. इंजिनांच्या घरघरीत वैमानिकाचे इंग्रजी मावशीपर्यंत पोचले नाही, आणि कसे सांगावे या विचारात मी गप्पच राहिलो. उतरल्यावर तिने पदर सावरून चौफेर पाहिले.

"रायपूर तं अगदी नागपुरासारखंच हाये गा!"

"मावशी, हे नागपूरच आहे."

"मंग आपण गेलो कुठं होतो?"

"रायपूरच्या वर."

"तवाच काहून नाही सांगितलं? वरून हात तं जोडले असते!"

दुपारची रेल्वे धरली. गोंदियाला चहासाठी उतरलो, तर समोर नागपूरकडे जाणारी गाडी लागलेली, आणि तिच्या दारात मुलाचे वडील! मुलगी पाहायला ते काटोलला आले होते, म्हणून लगेच ओळखले. धावतच आले.

"विहीणबाई, काय चुकलं आमचं? विमान डोक्यावर आलं, घिरट्या घातल्या अन् चाललं गेलं. पोराची माय रडून राहिली. म्हणते, वरूनच गाव पाहिलं अन् पसंत नाही पडलं."

"धुकं होतं ना जी!"

"धुकं तं आमच्याकडे रोजचंच. विमानतळवाले बी तेच म्हणत होते. मले वाटलं, तुमची बाजू सांभाळून राहिले."

दिवस मावळायला आला होता. मी पानवाल्याचा अडकित्ता मागून आणला, मावशीने बाकावर रुमाल अंथरला. सुपारी फुटली तेव्हा पानवाल्यासकट सगळ्या हमालांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या गडबडीत आमच्या दोन्ही गाड्या निघून गेल्या. मग तिघांनी मिळून पुरी-भाजी खाल्ली आणि आपापल्या गावाची गाडी धरली.

परतताना वाटले, तासाभराच्या वाटेसाठी दिवसभर फिरलो आणि गावाला काही पोचलो नाही; तरी ज्यासाठी निघालो ते काम झाले. याला प्रवास म्हणावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

काटोलला शेजारणीने मावशीला दारातच गाठले. "कसं हाये वं रायपूर?"

मावशीने थोडा विचार केला.

"माणसं चांगली हायेत," ती म्हणाली.