आपल्याकडे उशिरा आलेला फोन

दुपारी दादा गॅलरीत नवा फोन कानाशी धरून बसला होता. माझ्या या थोरल्या भावाची दृष्टी गेल्यापासून त्याला आलेले निरोप मीच वाचून दाखवत आले. निरोप मोठ्याने वाचून दाखवणारा असाच फोन कॅनडात त्याच्या मुलीकडे, मीराकडे, कधीचा आला होता. "आपल्याकडेच का उशीर?" असं मी दुकानदाराला चिडून विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, प्रत्येक देशाच्या परवानग्या वेगळ्या, नेटवर्कच्या चाचण्या वेगळ्या. शिवाय याला अजून मराठी वाचायला शिकवताहेत."

आज फोनने मीराचा निरोप वाचला, "बाबा, बाळ रांगायला लागलं."

दादा हसला. "अगं, 'बाल' नाही, चक्क 'बाळ' म्हणाला!"

आम्ही उशिराच्या नावाने बोटं मोडत होतो, तेव्हा कुणीतरी कुठेतरी बसून तो 'ळ' पुन्हा पुन्हा ऐकत, सुधारत असणार. त्या अनोळखी माणसांना मी मनोमन हात जोडले.

तेवढ्यात मीराचा आणखी एक निरोप आला. सवयीने मी पुढे सरकले.

"तू जा आत," दादा म्हणाला. "लेकीचं हे मी एकटाच ऐकतो."

इतक्या वर्षांत त्याने मला असं पहिल्यांदाच घालवलं, आणि मी आनंदाने उठले.