शेजारच्या रानातल्या उवा

उवा शेजाऱ्यांकडूनच येतात, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी मी नातीची वेणी जवळजवळ घालवलीच!

तेव्हा मी आजी म्हणून भलतीच शहाणी होते. सई दुसरीत. तिची कमरेपर्यंतची वेणी हे माझं एकुलतं एक कर्तृत्व. (बाकीची आमच्या ह्यांनी फौजेत गाजवली म्हणे!) त्या वेणीत उवा झाल्या. इस्लामपूरच्या डॉक्टरांनी लोशन लिहून दिलं आणि बजावलं, "घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा." सून म्हणाली, "आत्या, परत एक जरी ऊ दिसली, तर सरळ बॉयकट!"

तपासतंय कोण? उसाला मावा लागल्यावर आम्ही काय पान न् पान बघत बसतो? सरसकट फवारा मारतो! मी सईला लोशन लावलं, मुलाला लावलं, सुनेला लावलं, आणि बाटली घेऊन ह्यांच्या मागं लागले.

"अगं, माझ्या टकलावर काय चरणार हाय?"

"कानामागं हाय की! बांधावरचं गवतबी सोडायचं नसतं!"

आठवड्यानं सई पुन्हा खाजवायला लागली. मी तडक शेजारच्या शोभाच्या कुंपणाशी. "शोभे, तुझ्या पोरीची जनावरं आमच्या रानात शिरत्यात!"

"आवं काकू, पोरगी महिना झाला जतला हाय, मामाकडं!"

"मग तितनं चालत आली असतील!"

घरात येते तर सुनेच्या हातात कात्री! सई रडत माझ्या पदराखाली घुसली. मी एका हातानं तिला थोपटत होते आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं डोकं खाजवत होते. (कोंडा! वयात होतोच.)

हे पेपरावरून बघत म्हणाले, "तू कवा लावलंस औषध?"

"मी? पिकल्या केसांत उवा व्हत न्हाईत!"

"आणि सई कुणाच्या वाकळंत झोपती?"

सुनेनं कात्री ठेवली, फणी उचलली आणि माझा पदर मागं सारला. फणीखाली ह्यांचाच पेपर अंथरला होता. पहिल्याच फेरीला पेपर चालायला लागला!

"आयला, पलटण उतरली!" हे ओरडले.

मग माझ्या डोक्यावर लोशन चढलं. शोभाला काकवीची बरणी पोचली. (पोचवायला ह्यांना धाडलं, माझं तोंड कुठं होतं?) सई समोर घड्याळ घेऊन पहाऱ्याला बसली. डोळे पुसले होते, वेणी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. थोड्या वेळानं ती गंभीरपणे म्हणाली,

"आज्जी, आईनं कात्री अजून आत ठेवली न्हाई. बॉयकट तुझा करायचा का माझा, ते तू सांग."