धडधडणारं इंजिन

ट्रान्सफॉर्मर तापल्याचा वास आला, की मला आमच्या आचोळ्याच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल आठवतं. वीसेक वर्षांपूर्वी त्यावर मी छोट्या रेल्वेचे रूळ मांडले होते आणि घरचे महिनाभर जमिनीवर जेवत होते. शेवटी बायकोने बजावलं, "रविवारी बाबांना गाडी चालवून दाखवा, नाहीतर हे सगळं माळ्यावर." तिचे बाबा रेल्वेतले निवृत्त इंजिन ड्रायव्हर, म्हणून मी मित्राकरवी परदेशातून आवाजाचं डिजिटल इंजिन मागवलं. माझा कंट्रोलर मात्र जुना, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं बटण फिरवायचा. रविवारी सासरे आगाशीहून आले, मी बटण जरासं फिरवलं आणि इंजिन अगदी खऱ्यासारखं धडधडू लागलं. सासरे खुर्चीत सरसावून बसले. धडधड वाढली, पण चाक काही हलेना. "जावईबापू, ब्रेक काढलाय ना?" त्यांनी विचारलं. हे इंजिन पहिला करंट नुसता आवाजावरच खर्च करतं, हे मला कुठे ठाऊक! त्याच रुळावर मागे उभं असलेलं माझं जुनं, मुकं इंजिन मात्र तेवढ्याशा करंटवर निघालं, नव्याला धडकलं आणि त्याला ढकलत टेबलभर फिरवू लागलं. सासरे हसून हसून खोकायला लागले. बायको म्हणाली, "बाबा, आमचा संसारही असाच चाललाय. पुढे आवाज यांचा, मागून ढकलते मी." रूळ टेबलावरच राहिले, कारण तिला ते येईल त्या पाहुण्याला दाखवायचे होते. आता पन्नाशीत मला त्या घोटाळ्याचं कारण नीट समजावता येतं, पण सांगायला तोंड उघडलं, की घरातून आवाज येतो, "झाली धडधड सुरू!"