सायलेन्सरचे आटे

रघुवीर केणी सरकारी शस्त्रकारखान्यात टर्नर होते. रायफलच्या नळीच्या टोकाला सायलेन्सरसाठी आटे पाडायचे आणि नळीचं तोंड भोकाशी अगदी काटकोनात, गुळगुळीत करायचं, हे त्यांचं काम. नळी लेथवर बांधताना बाहेरचा गोल बघून चालत नाही, आतल्या भोकाचा मध्य धरावा लागतो. आटे केसभर तिरके गेले, तर गोळी सायलेन्सरलाच धडकते.

त्यांची पहिलीच नळी तपासणीतल्या स्मिताने परत पाठवली. सायलेन्सर बसवून तिने आतून सळई घातली होती. सायलेन्सरच्या तोंडाशी ती सळई मध्यावर नव्हती, एका अंगाला सरकलेली दिसत होती.

"साहेब पास करतील," रघुवीर म्हणाले.

"साहेबांना तिच्यातून गोळी झाडायची नाहीये."

रघुवीरनी नवी नळी घेतली. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं.

निवृत्तीनंतर ते सिंगापूरला, पासिर रिसला मुलीकडे आले. अनुजा आणि जावई दोघंही ऑफिसला जायचे, नात जाई तान्ही होती. स्मिताची नोकरी बाकी होती, म्हणून ती देहू रोडच्या घरी एकटीच राहिली. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. कारखान्यातलं बाहेर बोलायचं नाही हा नियम ती घरातही पाळायची, आणि रघुवीरना नेमकं तेच ऐकायचं असायचं.

जाई शाळेत जाऊ लागली. दुपारी फ्लॅट रिकामा झाला.

एका शनिवारी अनुजा त्यांना इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कपाट बघायला घेऊन गेली. शेजारच्या वर्कशॉपचं शटर उघडं होतं, आत लेथ चालू होता. रघुवीर बाहेरच थांबले. अनुजा परत आली तेव्हा ते डोळे पुसत होते.

"बाबा, आत विचारू का? बघू देतील."

"बघून काय करू? तपासायला तुझी आई कुठंय?"

घरी येताच त्यांनी स्मिताला व्हिडिओ कॉल लावला. "मी परत येतोय."

"मला न विचारता?"

"हो."

"अहो, मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते. दिवसभर एकटे काय कराल?"

"वाट बघीन."

स्मिताने कॅमेरा छताच्या पंख्याकडे फिरवला. नुसता आवाज आला, "या मग."

चांगी विमानतळावर जाई त्यांच्या शर्टाला लोंबकळली आणि तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, डोन्ट गो लाह!"

त्यांनी तिला उचलून घेतलं आणि आत जायची वेळ होईतो खाली ठेवलं नाही. विमान उडायच्या आधीच त्यांना तिची आठवण येऊ लागली होती.