भोपळ्या आणि मागच्या फाटकाची कडी

हे मी निखिललाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला जे सांगता येत नाही ते तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही, म्हणून असेल.

आमच्याकडे कॅपिबारा होता. हसू नका. डुकराएवढा उंदीर म्हणा हवं तर. आमच्या इराने व्हिडिओ पाहून हट्ट धरला आणि निखिलने — याला ‘नाही’ म्हणता येत नाही, ना ऑफिसात ना घरात — कुठल्याशा शेतावरून ते पिल्लू आयर्लंडमधल्या आमच्या नावन गावच्या भाड्याच्या घरात आणलं. नाव भोपळ्या. लवकरच नावाला जागला. या प्राण्याला डुंबायला पाणी लागतं, आणि पाण्यात उतरला की तिथेच लेंड्या टाकतो. पाणी कुठलं? आमचा बाथटब! निखिल सकाळी डब्लिनची बस पकडून मोकळा. इरा शाळेत. मग मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून लेंड्या उपसणार कोण? हौस बापलेकीची, निस्तरायचं मी. दारांच्या चौकटी कुरतडलेल्या, घरमालक डोक्यावर बसलेला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं एकच — अगं, किती गोड आहे!

त्या वर्षी सासूबाई यवतमाळहून आल्या होत्या. रोज आंघोळ झाली की तांब्या घेऊन मागच्या फाटकाबाहेर जायच्या, सूर्याला अर्घ्य द्यायला. नावनला कसला आलाय सूर्य! पण पूर्व तर तिकडेच आहे ना, असं त्यांचं म्हणणं. आत आल्या की कडी लावायच्या. न चुकता.

दिवाळीची पहिली आंघोळ. टब घासून, कोमट पाणी भरून मी उटणं कालवलं. इराला उठवून आणते तर टबात भोपळ्या. डोळे मिटून. भोवती लेंड्या तरंगतायत. — काय झालं मला? त्याला ओढत अंगणात नेलं. सासूबाई नुकत्याच आत आल्या होत्या. कडी लागलेली होती. ती मी काढली. तो जाईना, तर मागून पायाने ढकलला. “जा एकदाचा,” म्हणाले, आणि आत येऊन फराळाची ताटं लावायला घेतली.

रागाच्या भरात झालं, असंही नाही. ताटं लावताना मनात आलं होतं — जावं, आणावं. नाही गेले.

दुपारी शेजारीण सांगत आली. मोठ्या रस्त्यावर, गाडीखाली.

फाटक उघडं कसं राहिलं? कुणी विचारायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, “मीच कडी लावाची इसरली का वं? मले तर आठवूनच नाही राह्यलं.”

मला गप्प बसता आलं असतं. तेवढंही नाही केलं. म्हणाले, “असू दे आई, वयामुळे होतं असं.”

त्यांनी नातीपुढे हात जोडले. रडून डोळे सुजलेली इरा म्हणाली, “इट्स ग्रँड, आजी.” म्हणजे इथल्या बोलीत — असू दे, काही नाही.

भोपळ्याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही. खोटं कशाला सांगू? पण यवतमाळला परतलेल्या सासूबाई आता गॅस बंद केला का ते बघायला पुन्हापुन्हा उठतात. बँकेत एकट्या जात नाहीत. इकडे या म्हटलं तर म्हणतात, नको, माझ्या हातून आणखी काही व्हायचं. निखिलने भारतात गेल्यावर त्यांना डॉक्टरकडे नेलं. स्मरणशक्तीच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली का, हे रोज व्हिडिओ कॉलवर विचारायचं काम माझ्याकडे आहे.

मी विचारते.