चार तासांची चिठ्ठी

सोनकांबळे सिस्टर आमच्या लातूरच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पलंगाशेजारच्या तांब्याकडे पाहिलं.

"सर, हा कवा भरून ठेवला?"

"सकाळी."

"आन् आता दुपार झाली. काठोकाठ तसाच हाय की!"

मी मोठ्या अभिमानाने माझी युक्ती सांगितली. पाणी कमी प्यायलं की लघवी कमी, आणि लघवी कमी की त्रास कमी. सिस्टर पदर खोचत म्हणाल्या, "लई पुस्तकं वाचलाव म्हणं तुम्ही. मग सांगा, पाणी सोडायचं बंद केल्यावर नाली साफ होती का तुंबती?"

चाळीस वर्षं व्यासपीठावरून गर्जना केलेल्या माणसाने तांब्या उचलून तोंडाला लावला. पद्मिनीताई सोनकांबळे, म्हणजे आम्हा सर्वांच्या सिस्टर, यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, तो बहुधा त्यांचा सर्वांत आडमुठा रुग्ण म्हणूनच.

त्या भेटीच्या वर्षभर आधी एका सभेत व्यासपीठ कोसळलं. विरोधकांना जे कधी जमलं नाही, ते चार कुजक्या बल्ल्यांनी करून दाखवलं. मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचं शरीर गप्प झालं. पाय चालत नाहीत हे जगाला दिसतं. मूत्राशयही चालत नाही, हे कोणाला दिसत नाही. ते भरलेलं कळत नाही आणि आपोआप पूर्ण रिकामंही होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. कायमची नळी बसवलेली होती, तरी दर महिन्या-दीड महिन्याने हुडहुडी आणि ताप ठरलेला. ताप चढला की मी मेडिकलमधून गोळ्या मागवायचो, उतरला की उरलेल्या खणात टाकायचो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ही नळी काढू. दर चार तासांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिका." मी साफ नकार दिला. म्हणून त्यांनी सिस्टरांना पाठवलं.

सिस्टर मूळच्या जळकोटकडच्या. वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. "आता तू शिकायचं," एवढंच वडील बोलले, आणि त्या शिकल्या. सरकारी रुग्णालयातली नोकरी संपली तरी त्यांचं काम संपलं नाही. लातूर आणि नांदेडमध्ये मणक्याला मार लागलेल्या माणसांच्या घरी त्या आपल्या पायांनी जात राहिल्या.

मला त्यांनी आधी हात धुवायला शिकवलं. "भाषणात हात लई हलवताव. आता तेच हात धुवा. बोटांच्या मधी बी." नळी हातात घेताना मी लाजेने मान फिरवली, तर म्हणाल्या, "कानात तेल घालताना लाजताव का? हे बी शरीरच हाय." पंधरा दिवसांत मला नळी घालता येऊ लागली. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाणी दिवसभर थोडं थोडं पिण्याचं वेळापत्रक भिंतीवर लागलं. तांब्या रिकामा झाला की नाही, हे सिस्टर स्वतः उचलून बघत.

एक दिवस त्यांनी माझा खण उघडला. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं पलंगावर ओतली आणि म्हणाल्या, "अर्धा मार खाल्लेला गडी दुसऱ्या बारीला काठी घेऊन येतो. तुमचे जंतू तसे झालेत." त्यांची शिस्त साधी आहे. लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून गोळ्यांकडे धावायचं नाही. ताप, हुडहुडी किंवा निर्जीव पायांना आपोआप बसणारे झटके वाढलेले दिसले तर तासभरही न दवडता डॉक्टरांकडे जायचं. लघवी तपासायला द्यायची आणि डॉक्टर देतील ते औषध पूर्ण घ्यायचं. त्यांनी स्वतः कोणाला एक गोळी सांगितल्याचं मला आठवत नाही. "मी सिस्टर हाय, डॉक्टर न्हाई," हे त्या ज्या ताठ मानेने म्हणतात, तो ताठपणा मी भल्याभल्या विद्वानांत पाहिलेला नाही.

सहा महिने ताप आला नाही. मग धर्माबादहून सभेचं निमंत्रण आलं आणि माझ्या अंगात वक्ता संचारला.

सभेत वक्ता लांबला की अध्यक्ष चिठ्ठी सरकवतात: वेळ संपली. अशा चिठ्ठ्या न वाचता खिशात घालणं हा माझा लौकिक होता, आणि लोक त्यावर टाळ्या वाजवत. धर्माबादला स्वागत, सत्कार, प्रास्ताविक यांतच तीन तास गेले. मी चाकाच्या खुर्चीतून बोलायला लागलो आणि मंडप पेटला. एक चिठ्ठी आली. खिशात. दुसरी आली. तीही खिशात. "अध्यक्ष महाराज, कागद वाचवा!" मी म्हणालो. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं भाषण संपलं तेव्हा आधीची नळी घातल्याला सहा तास उलटले होते.

दुसऱ्या दिवशी दात वाजेपर्यंत थंडी भरली. रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं की संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे आणि असं पुन्हा पुन्हा झालं तर मूत्रपिंड कायमचं अधू होईल. माझी पत्नी निर्मला हिने माझा सदरा धुवायला काढला, तेव्हा खिशातून त्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. अक्षर अध्यक्षांचं नव्हतं. पहिल्या रांगेत बसलेल्या सिस्टरांचं होतं.

"चार तास झाले."

"साडेचार झाले. उठा सर. लोक थांबतील."

मी आयुष्यात पुष्कळ वाचलं. पण वेळेवर न वाचलेल्या त्या दोन ओळींइतकं मला कशानेही रडवलं नाही.

निर्मला म्हणाली, "बास झालं. आता भाषण बंद." ती रागावण्यात चूक नव्हती. मला वाटलं, सिस्टर तिचीच बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "बाई, भाषण बंद केलं तर ह्यांचं दुसरंच काहीतरी तुंबंल. बंद न्हाई करायचं. मधी थांबायचं." माझं मूत्रपिंड आणि माझी वाणी, दोन्ही त्यांनी एका वाक्यात वाचवली.

पुढची सभा शिरूर अनंतपाळला. सिस्टर दुपारीच पोचल्या आणि मंडपाऐवजी शेजारच्या शाळेची न्हाणी बघायला गेल्या. संयोजकांनी विचारलं, "सिस्टर, हार किती आणायचे?" उत्तर आलं, "हार ऱ्हाऊ द्या. साबण आना, आन् खुर्ची चढंल अशी फळी टाका." मित्रहो, हेही ऐका. माणसाला डोक्यावर घ्यायला उंच व्यासपीठ बांधणाऱ्या गावांना त्याच माणसासाठी एक उताराची न्हाणी बांधता येऊ नये, ही आपल्या सार्वजनिक जीवनाची लाज आहे. लघवी ही लाज नाही!

भाषण ऐन रंगात असताना चिठ्ठी आली. या वेळी मी ती उघडली. वाचली आणि म्हणालो, "मंडळी, मला लघवीला जाऊन यायचं आहे. थोडा वेळ थांबा."

मग पुढच्या रांगेतले एक म्हातारे फेटा सावरत उठले. "जावा की सर! आमाला बी कवाधरनं जायचं हाय, तुमच्या भ्यानं बसलाव!"

हास्याचा स्फोट झाला. अर्धा मंडप उठला. मी परत आलो तेव्हा मंडप पुन्हा भरलेला होता. लोक थांबले होते.

सभा संपल्यावर एक बाई सिस्टरांजवळ आल्या. त्यांचे पती विहिरीचं काम करताना पडले होते आणि त्यांनाही दर महिन्याला ताप येत होता. "तुमी बोललाव म्हणून इचारायला आले," त्या मला म्हणाल्या. सिस्टर खाली बसल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसभरात पाणी किती पितात?"

त्यानंतर मला असा मोठा ताप दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी तो वेळीच धरला. भाषणं मी आजही करतो.

हा ग्रंथ प्रकाशित होईल त्या समारंभात मी बोलणार आहे. सिस्टरांची चिठ्ठी आजच येऊन पडली आहे: "माझ्यावर बोलायला पंधरा मिनिटं लई झाली." हा हुकूम पाळणं मला जड जाणार आहे.

सिस्टर, तुमचे गुडघे धड राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि दुसऱ्यांचे तांबे तपासताना स्वतःचाही रिकामा होत राहो. शंभरी ओलांडा आणि प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसून चिठ्ठ्या पाठवत राहा. आता मी त्या उघडून वाचतो.